विद्येचीं साधनें : शिळाछापापासून मोबाइलच्या ॲपपर्यंत



मुंबईच्या उत्तर टोंकास मनोरीची खाडी समुद्राला मिळते, आणि त्या खाडीमुळें गोराई हें एकच नांव दोन वस्त्यांमध्यें वांटलें गेलें आहे. अलीकडच्या, म्हणजे बोरिवलीच्या तीरावर, जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९८५ नंतर आंखलेल्या योजनेंतील लहान घरांची वसाहत आहे. पलीकडच्या तीरावर कोळी आणि ईस्ट इंडियन लोकांचें जुनें गांव आहे. होडीनें खाडी ओलांडावयास थोडींच मिनिटें पुरतात. मोटारीनें जावयाचें तर भाईंदर-उत्तनकडून मोठा वळसा पडतो. परंतु एका बाबतींत आज दोन्ही तीर सारखे आहेत. दोन्हींकडच्या मुलांच्या हातांत मोबाइल आहे, आणि त्यांतील कांहीं मुलांना तो नुसता पाहण्याऐवजीं त्याच्यावर चालणारें एखादें ॲप आपण स्वतः तयार करावें अशी इच्छा होऊं लागली आहे.

निवृत्त शिक्षकाच्या घरीं पालक येतात ते हाच प्रश्न घेऊन येतात. मुलानें कोणतें पुस्तक घ्यावें? कोणत्या क्लासांत नांव घालावें? किती रुपये बाजूला काढावे? प्रश्न नवा दिसतो, पण त्याचें मूळ जुनें आहे. एखादी नवी विद्या दाराशीं येऊन उभी राहिली असतां तिचीं साधनें कोठून मिळवावयाचीं, हा प्रश्न मुंबईच्या मराठी माणसाला गेलीं दोनशें वर्षें पुनः पुनः पडलेला आहे. म्हणून साधनांची यादी सांगण्यापूर्वीं तो इतिहास थोडक्यांत पाहूं. कारण यादी कशी वापरावी हें त्या इतिहासावरूनच कळतें.

मराठींत नव्या विद्येचीं पुस्तकें तयार करण्याचा पहिला मोठा उद्योग १८२० नंतरच्या दशकांत मुंबईस झाला. एल्फिन्स्टनसाहेबांच्या प्रोत्साहनानें स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळींत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे चिटणीस होते. सरकारी इमारती, रस्ते व मोजणी यांच्या कामास माणसें तयार करण्याकरितां जो इंजिनियरीचा वर्ग निघाला, तोहि त्यांच्याच देखरेखीखालीं होता. जर्व्हिस यांनीं जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या मदतीनें हटन नांवाच्या इंग्रज गणितज्ञाचे ग्रंथ मराठींत आणले. या उद्योगाचें महत्त्व पुस्तकांच्या संख्येंत नाहीं. आधीं परकी भाषा पुरी शिका आणि मग गणिताला हात लावा, असें त्या विद्यार्थ्यांस कोणी सांगितलें नाहीं, यांत तें आहे. पुढें १८३२ च्या जानेवारींत ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४० मध्यें ‘दिग्दर्शन’ हें मासिक सुरू केलें आणि भूगोल व पदार्थविज्ञान यांसारखे विषय मराठी घरांत नेऊन पोहोंचविले.

परंतु पुस्तक हातांत आलें म्हणजे कारागीर तयार होतो असें नाहीं. त्याच काळांतील दुसरें उदाहरण गणपत कृष्णाजी यांचें आहे. मुंबईंत अमेरिकन मिशनचा छापखाना चालत असे. तेथील छापण्याची कृति पाहून, आपल्या धर्माचीं पुस्तकेंहि अशीं छापतां येतील असें गणपत कृष्णाजींच्या मनांत आलें. त्यांना ही विद्या शिकविणारी शाळा नव्हती आणि तिच्यावरचें मराठी पुस्तकहि नव्हतें. त्यांनीं लांकडी यंत्र उभें केलें, दगडावर अक्षरें उठविण्याचे प्रयोग केले, शाई स्वतः बनविली, आणि १८३१ मध्यें पहिलें मराठी पंचांग छापून बाहेर काढलें. तोंपर्यंत पंचांगें हातानें लिहून घ्यावीं लागत. पुढें त्यांनीं खिळे पाडण्याचेंहि काम हातीं घेतलें. त्यांच्या शिकण्याचा क्रम पाहिला तर आधीं पाहणें, मग मोडकेंतोडकें करून पाहणें, मग सुधारणें असा तो आहे. आणि या साऱ्यांत त्यांच्यापुढें एक ठरलेलें काम होतें : लोकांना रोज लागणारें पंचांग.

हीच गोष्ट जावजी दादाजींची. लहानपणीं ते छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामाला लागले. खिळा कोठें जाड राहतो, कोठें झिजतो, हें बोटांना कळूं लागल्यावर त्यांनीं स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला, आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्या छापखान्याच्या सुबक नागरी अक्षरांनीं साऱ्या हिंदुस्थानांतील संस्कृत पंडितांस मोहिनी घातली.

तिसरें उदाहरण शंकर आबाजी भिसे यांचें. त्यांचा जन्म १८६७ सालीं मुंबईंत झाला. यंत्रांचें वेड लागलेल्या या मुलाला अमेरिकेंतून येणारें ‘सायंटिफिक अमेरिकन’ हें साप्ताहिक वाचावयास मिळे, आणि आपलें यंत्रविद्येचें सारें शिक्षण त्याच नियतकालिकांतून झालें असें ते पुढें सांगत. हजारों मैलांवरून आगबोटीनें येणारा तो छापील कागद हेंच त्यांचें महाविद्यालय. पण भिसे नुसते वाचीत बसले नाहींत. मुंबईच्या आगगाडींतील उतारूंना पुढचें स्थानक कोणतें हें कळावें म्हणून स्थानक दाखविणारें एक यंत्र त्यांनीं योजलें. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या त्यांच्या आराखड्याला लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेंत पहिला क्रमांक मिळाला. दादाभाई नौरोजींच्या साहाय्यानें ते विलायतेस राहिले, खिळे पाडण्याचें ‘भिसोटाइप’ यंत्र त्यांनीं तयार केलें, आणि पुढें अमेरिकेंत काम करीत असतां १९३५ मध्यें न्यूयॉर्क येथें ते निवर्तले.

यानंतर गणकयंत्राचें युग आलें. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेलें मोठें गणकयंत्र १९६० मध्यें कामास लागलें. १९६२ मध्यें त्याला ‘टिफ्रॅक’ हें नांव मिळालें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. तें बांधणाऱ्या मंडळींपैकीं बहुतेकांनीं असें यंत्र पूर्वीं कधीं वापरलेलें नव्हतें. परदेशांतील यंत्रांविषयींचे लेख व अहवाल वाचून आणि प्रत्यक्ष जोडून पाहून त्यांनीं तें उभें केलें. परंतु तें यंत्र एका संस्थेच्या दालनांत होतें. बोरिवलीच्या मुलाला त्याचें दर्शनहि दुर्लभ. २००१ मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळानें पुढें एमएस-सीआयटीच्या रूपानें संगणकाची तोंडओळख मराठींतून तालुक्यांपर्यंत नेली. आणि २००८ मध्यें दोन घटना घडल्या. ॲपल कंपनीनें जुलैमध्यें आपलें ॲप-भांडार उघडलें, आणि ऑक्टोबरांत ॲण्ड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन बाजारांत आला. त्या वर्षापासून कोणाहि विद्यार्थ्यानें घरीं बसून तयार केलेली वस्तु जगांतील कोणाच्याहि खिशांत जाऊं शकेल, अशी वाट मोकळी झाली.

ती वाट मुंबईच्या एका मराठी तरुणानें लवकरच चालून दाखविली. सचिन टेके यांनीं २०१० मध्यें ‘एम-इंडिकेटर’ हें ॲप काढलें. तें सुरुवातीला साध्या, जावा भाषा समजणाऱ्या फोनांवरहि चालत असे. लोकलचें वेळापत्रक ही मुंबईकराची रोजची गरज. तिच्यावर हें ॲप उभें राहिलें आणि गांवभर पसरलें. ज्या आगगाडीच्या उतारूंकरितां भिशांनीं स्थानकदर्शक यंत्र योजलें, त्याच उतारूंची सोय शतकानंतर टेक्यांनीं केली. पंचांग, स्थानक, वेळापत्रक : तिन्ही कामें कोणाच्या तरी दाराशीं पडलेलीं होतीं. ज्यानें तें काम उचललें त्याला साधनें सांपडलीं. नुसतीं साधनें गोळा करणाऱ्याला मात्र काम सांपडेलच असें नाहीं.

आतां साधनांकडे वळूं. ॲप म्हणजे, ज्यांना या विषयाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों, यंत्रानें कोणत्या प्रसंगीं काय करावें याच्या क्रमवार आज्ञांचा संच होय. बोट येथें लागलें तर ही बेरीज कर, ती अमुक जागीं दाखव, उद्यांकरितां जपून ठेव, अशा त्या आज्ञा असतात. या आज्ञा एका ठराविक भाषेंत लिहावयाच्या, आणि एका अवजारानें त्यांचें फोनला समजेल असें रूप करून घ्यावयाचें.

पहिली पायरी म्हणून ‘ॲप इन्व्हेंटर’ हें साधन उत्तम. तें २०१० मध्यें गूगलनें काढलें आणि नंतर अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेकडे गेलें. त्यांत आज्ञा टंकाव्या लागत नाहींत. लहान मुलांच्या ठोकळ्यांप्रमाणें त्या एकमेकांत बसवावयाच्या असतात. मूल्य कांहीं नाहीं. संगणकावर ठोकळे जुळवावे आणि तयार झालेलें ॲप लगेच आपल्या फोनवर चालवून पाहावें. आठवी-नववींतील मुलालाहि हें जमतें, आणि ‘आपण केलेलें चालतें’ हा जो विश्वास येथें मिळतो तो पुढच्या कष्टांना पुरतो.

दुसरी पायरी भाषेची. जावा किंवा पायथन यांपैकीं एक भाषा पायाशुद्ध शिकावी. येथें आपल्या शेजारच्या पवईंतील एक उद्योग मुद्दाम सांगितला पाहिजे. तेथील आय.आय.टी.चे प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनीं केंद्र सरकारच्या साहाय्यानें ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम चालविला. सुमारें दहा-दहा मिनिटांचे हे पाठ आहेत. पडद्यावर मूळ इंग्रजी आज्ञा दिसतात, आणि त्यांतील पुष्कळ पाठांचें निवेदन मराठीसह अनेक देशी भाषांत ऐकावयास मिळतें. पाठ थोडा ऐकावा, थांबवावा, शेजारीं तीच कृति स्वतः करावी, मग पुढें जावें, अशी त्यांची योजना आहे. जर्व्हिस आणि क्रमवंतशास्त्री यांनीं जें पुस्तकानें केलें तेंच हे पाठ कानानें करतात. ज्यांना अधिक खोल जावयाचें आहे त्यांच्यासाठीं २००३ पासून चालू असलेल्या एन.पी.टी.ई.एल. योजनेचीं व्याख्यानें आणि २०१७ पासूनचें ‘स्वयम्’ आहे. शिकणें विनामूल्य, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क.

तिसरी पायरी प्रत्यक्ष धंद्याच्या अवजाराची. ॲण्ड्रॉइडकरितां ‘ॲण्ड्रॉइड स्टुडिओ’ हें अवजार विनामूल्य मिळतें, आणि २०१९ पासून गूगलनें या कामीं कॉटलिन या भाषेला अग्रमान दिला आहे. गूगलचे स्वतःचे प्रारंभिक पाठहि फुकट आहेत. एकेका पाठांत एकेक लहान कृति पुरी करून घेतात. आयफोनकरितां स्विफ्ट ही २०१४ मध्यें आलेली भाषा आहे. परंतु तिच्या नेहमींच्या अवजाराला ॲपलचाच संगणक लागतो, तेव्हां मध्यम स्थितींतील कुटुंबानें आरंभ ॲण्ड्रॉइडनें करावा. दोन्हीं फोनांवर चालणारें ॲप एकाच लेखनांतून करावयाचें असेल तर ‘फ्लटर’ आहे. पण तें पाया झाल्यावर.

चौथें साधन पुस्तक नव्हे, तर दुसऱ्यांचें काम. गणपत कृष्णाजींना मिशनच्या छापखान्याचें यंत्र लांबून पाहावें लागलें. आज ‘गिटहब’वर अनेक ॲपांच्या मूळ आज्ञा उघड ठेवलेल्या असतात, आणि ‘एफ-ड्रॉइड’ या २०१० पासूनच्या भांडारांत तर ज्यांच्या आज्ञा खुल्या आहेत अशींच ॲपें ठेवतात. एखादें लहान ॲप घ्यावें, त्यांतील एक ओळ बदलावी, काय बिघडतें तें पाहावें आणि पुनः दुरुस्त करावें. छापखानाच उघडून हातांत दिल्यासारखें हें आहे. इतकें औदार्य पूर्वींच्या कोणत्याहि धंद्यानें शिकाऊ मुलाला दाखविलेलें नाहीं.

मग अडतें कोठें? एक तर यंत्रापाशीं. ॲण्ड्रॉइड स्टुडिओ चालावयास लॅपटॉपांत निदान ८ जीबी स्मृति लागते, आणि नुसता मोबाइल असलेल्या मुलाचें काम तेथें थांबतें. दुसरें, क्रमापाशीं. साधनें इतकीं आहेत कीं मूल एक पाठ अर्धा टाकून दुसऱ्याकडे जातें. वर्षानंतर वीस पाठांची सुरुवात झालेली असते आणि एकहि ॲप तयार नसतें. या गोंधळाचा फायदा घेऊन जें फुकट मिळतें तेंच भारी शुल्क घेऊन विकणारे वर्ग निघाले आहेत. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईनें अशाच एका वर्गाला कर्ज काढून पैसे भरले. मुलीला तेथें जे व्हिडिओ दाखविले ते घरींहि पाहतां आले असते. तिसरी अडचण नवीन आहे. प्रश्न विचारला कीं आज्ञा लिहून देणारे कृत्रिम बुद्धीचे साहाय्यक आतां फोनवरच मिळतात. त्यांना ‘ही ओळ असें कां करते?’ म्हणून विचारावें; तें शिकविणें झालें. ‘सारें करून दे’ म्हणून सांगणें म्हणजे गणित न सोडवितां मागील पानावरचीं उत्तरें उतरविणें. उत्तर बरोबर येतें, गणित येत नाहीं.

म्हणून गोराईच्या विद्यार्थ्यांना मी एक काम सुचवितों. तें त्यांच्या दाराशींच पडलेलें आहे. खाडीवर भरती-ओहोटी रोज येते, आणि होडीवाल्याला व कोळ्याला तिची वेळ लागते. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजतां. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजतां. त्यानंतर सुमारें सव्वासहा तासांनीं ओहोटी. आपल्या आज्यांनीं शाळेंत घोकलेली पाऊणकी ती हीच.

याचें ॲप करावें. पहिल्या आठवड्यांत एक चौकट आणि एक बटण : तिथि लिहिली कीं वेळ दिसावी. मग साऱ्या महिन्याची यादी, जी जाळें नसतांनाहि फोनांत राहील. मग ठळक मराठी अक्षरें, म्हणजे आजीला चष्म्यावांचून वाचतां येतील. मग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-कोष्टकाशीं ताळा पाहावा. येथें खरी गंमत आहे. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटें. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटें. तिथीमागें तीन मिनिटांची तूट पडते आणि पौर्णिमेपर्यंत ती पाऊण तासाची होते. तेव्हां पाऊणपटीऐवजीं चार-पंचमांश घ्यावे. खाडीच्या आंत भरती पोहोंचावयास आणखी थोडा वेळ लागतो, तो धक्क्यावर उभें राहून घड्याळानें मोजावा. हें ॲप अभ्यासाकरितां आहे. समुद्रांत जाणारानें सरकारी कोष्टकच मानावें, हें त्या पडद्यावरहि लिहावें. इतकें करणाऱ्या विद्यार्थ्याला माहिती घेणें, हिशेब करणें, जपून ठेवणें, दाखविणें आणि चूक शोधणें, हे या विद्येचे पांचहि भाग आलेले असतील. शिवाय भरतीची वेळ त्याला कोणी कोळी आजोबा सांगतील, तेव्हां त्यांची विद्याहि या निमित्तानें लिहिली जाईल.

मोठ्या माणसांनीं काय करावें? ज्यांना ही विद्या येत नाहीं त्यांनाहि पुष्कळ करतां येईल. तीन-चार घरांनीं मिळून एक जुना पण चांगला लॅपटॉप घ्यावा आणि मुलांना वार वांटून द्यावे. शाळेचा संगणककक्ष सायंकाळीं दोन तास उघडा ठेवावा असा आग्रह शाळेकडे धरावा. एका वेळीं एकच पाठ, आणि तो पुरा होईपर्यंत दुसरा नाहीं, एवढा नियम पाळावयास लावावा. आणि दर रविवारीं ‘किती पाठ पाहिलेस?’ असें न विचारतां ‘काय चालतें तें माझ्या फोनवर दाखव’ असें विचारावें.

तयार ॲप गूगलच्या भांडारांत ठेवावयास एकदांच २५ डॉलर पडतात. ॲपलकडे दर वर्षीं ९९ डॉलर. विद्यार्थ्यानें त्याची घाई करूं नये. आधीं तें आपल्या घरच्या, मग गल्लींतल्या, मग धक्क्यावरच्या चार माणसांच्या फोनांत चालावें. त्यांपैकीं एकानें जरी पहांटे जाळें घेऊन निघतांना तें उघडलें, तरी त्या मुलाची परीक्षा झाली असें मी समजेन.